आमची हजेरी

आमच्या देवघराबाहेर, पंचांग टांगण्याच्या खिळ्यास, दोन लहान कार्डें अडकविलेलीं आहेत. प्रत्येकावर चोवीस चौकोन छापलेले आहेत. येणारेजाणारे पाहुणे तीं दुधाचीं किंवा वर्तमानपत्राचीं कार्डें समजतात, आणि आम्हीही बहुधा त्यांचा समज दूर करीत नाहीं. परंतु त्या कार्डांची हकीगत भरल्या घरांतील मंडळींनीं एकदां ऐकावी असें वाटल्यावरून आज लिहिण्यास बसलों आहों. त्या हकीगतींत जो दोष आहे तो आमच्या एकट्याचा नाहीं. एकत्र कुटुंबांत प्रेमाच्या पोटींच तो सर्रास घडत असतो.

आमचें सारें आयुष्य दुसऱ्यांची हजेरी घेण्यांत गेलें. डहाणूस आम्हीं चौतीस वर्षें शिक्षकाचें काम केलें. जो मुलगा सलग तीन दिवस वर्गांत दिसला नाहीं, त्याच्या घरीं संध्याकाळीं स्वतः जाऊन यावयाचें, हा आमचा नेम असे. हा नेम आम्हीं कोण्या ग्रंथावरून घेतला नव्हता. डहाणूजवळच कोसबादची टेकडी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस सुरू केलेलें बालशिक्षणाचें काम पुढें याच टेकडीवर नांवारूपास आलें. वारल्यांचीं मुलें गुरें राखण्यास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत, असें दिसतांच त्यांनीं मुलांना दोष दिला नाहीं. शाळाच कुरणांत नेली. त्या कुरणशाळेची गोष्ट आम्ही नव्या शिक्षकांस मोठ्या हौसेनें सांगत असूं. तीच गोष्ट एके दिवशीं आपणांवरच उलटेल, हें मात्र ध्यानींमनीं नव्हतें.

तीन वर्षांपूर्वीं ज्येष्ठांत, चिकूच्या वाडींत उभे असतांना आमच्या छातीवर कोणी पाटा ठेवावा तसा भार आला, डावा हात जड झाला व दरदरून घाम सुटला. घरांत कोणी सुंठ दिली, कोणी ओवा दिला. अपचन समजून पाऊण तास गेला. हा पाऊण तास घालवूं नये, एवढें वाचकांनीं जातां जातां लक्षांत ठेवावें. शेवटीं चिरंजीवांनीं डॉक्टरांकडे नेलें, हृदयाचा आलेख निघाला, आणि त्याच रात्रीं मुंबईच्या एका इस्पितळांत अँजिओप्लास्टी होऊन रक्तवाहिनींत स्टेंट बसली. निघण्याच्या दिवशीं तेथील डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पाट आम्हीं मोकळा करून दिला आहे, वाडी राखण्याचें काम तुमचें." आणि त्यांनीं एक कार्ड हातीं दिलें. आठवड्यांतून दोन, याप्रमाणें बारा आठवडे हृदय-पुनर्वसनाचे वर्ग, एकूण चोवीस.

हे वर्ग म्हणजे कसली तालीम असेल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत तेथें अगोदर नाडी व रक्तदाब पाहात. मग पांच-दहा मिनिटें हातपाय मोकळे करवीत. मग फिरत्या पट्ट्यावर चालवीत. शेवटीं हळूहळू निववून पुन्हां नाडी पाहात. शिकविणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांचें माप सोपें होतें: चालतांना बोलतां यावें, परंतु गाणें म्हणतां येऊं नये. गातां आलें तर चाल मंद आहे. बोलवेनासें झालें तर ती जास्त आहे. व्यायामानंतर कधीं आहाराविषयीं, कधीं गोळ्यांविषयीं, तर कधीं मनांतील भीतीविषयीं बोलणें होई. तेथें बसलेल्या दहाबारा जणांपैकीं प्रत्येकास रात्रीं छातींत जरा कळ आली कीं मृत्यु उशाशीं येऊन बसल्यासारखें वाटत होतें, हें तेथेंच प्रथम कळलें. घरीं हें कोणी कोणास सांगत नाहीं. सातव्या वर्गास सहा मिनिटांत आम्ही किती चालतों हें मोजलें, तेव्हां तें अंतर ४२० मीटर भरलें.

येथें आमची हजेरी थांबली.

ती कशी थांबली, हें नीट सांगितलें पाहिजे. कारण "आतां जाऊं नका" असें कोणींच म्हटलें नाहीं. पहाटेची लोकल, जाण्यायेण्यांत जाणारे सहा तास, बरोबर कोणी तरी हवें. तशांत गणपति आले. वडील बंधू म्हणाले, "अरे, घरांत गणपति असतां कोठें धांवतोस? एक आठवडा नाहीं गेलास म्हणून काय बिघडतें?" गणपति झाले, पितृपक्ष आला, मग नवरात्र, मग दिवाळी. सौभाग्यवती म्हणाल्या, "रंग कसा छान दिसतोय, उगाच त्या गर्दींत दगदग कशाला?" सूनबाईंनीं हातांतील पिशवी काढून घेतली, नातवानें खुर्ची पुढें केली. प्रत्येकानें प्रेमानें थोडी थोडी सूट दिली, आणि आम्हीं ती आनंदानें घेतली. खरें तर आम्हांस बरें वाटूं लागलें होतें. ताप उतरला कीं काढा सोडावा, तसे वर्ग सोडले. ज्या मुलाचे आईबाप शिक्षकाच्या तोंडावर "आज त्याचें डोकें दुखतंय हो" म्हणत, त्यांचा आम्हांस चौतीस वर्षें राग येत असे; आणि आतां आम्हीच तो मुलगा झालों होतों.

ही विश्रांतीची समजूत केवळ आमच्या घरची नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोठमोठे डॉक्टरही असा झटका आलेल्या रोग्यास कित्येक आठवडे अंथरुणांत निजवून ठेवीत. १९५२ सालीं अमेरिकेंत लेव्हाइन व लाउन या डॉक्टरांनीं अशा रोग्यांस लवकरच खुर्चींत बसवावें असें मांडलें, तेव्हां तेंही धाडसच ठरलें. पुढें १९६६ सालीं डॅलस येथें पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणांत ठेवून त्यांची श्रम करण्याची शक्ति मोजली गेली. तीस वर्षांनीं त्याच पांच जणांस पुन्हां तपासलें. तेव्हां आढळलें कीं, तीस वर्षांच्या वयोमानानें त्यांची शक्ति जितकी घटली, त्याहून अधिक ती तरुणपणीं तीन आठवड्यांच्या निजण्यानें घटली होती. निरोगी तरुणांची ही गोष्ट. मग खुर्चींत जाऊन बसलेल्या आमच्यासारख्या साठी उलटलेल्या रोग्याची काय कथा!

मार्गशीर्षापर्यंत आम्ही वाडीच्या फाटकापर्यंतही जाईनासे झालों. छातींत दुखत नव्हतें; परंतु चार पावलें टाकलीं कीं दम लागे, दम लागला कीं भीति वाटे, आणि भीति वाटली कीं बसावें असें होई. बसल्यानें पाय आणखी दुबळे होत, म्हणून पुढच्या वेळीं दम आणखी लवकर लागे. हें चक्र आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. घरांतील मंडळी मात्र "किती जपतात बघा" म्हणून आमचें कौतुक करीत होती.

आमच्या वाडींत झाडांची निगा राखणारा वारली माणूस तलासरी तालुक्यांतील एका पाड्यावर राहतो. आमच्या नंतर दोनच महिन्यांनीं त्यालाही असाच झटका आला होता. सरकारी योजनेंतून त्याच्यावर उपचार झाले, गोळ्या मिळाल्या, आणि "जड काम करूं नको" एवढें सांगून त्यास घरीं पाठविलें. मार्गशीर्षांत तो आम्हांस भेटावयास आला. जीपमधून उतरून फाटकापासून ओटीपर्यंत येतांना तो दोनदां थांबला. जो माणूस चिकूच्या झाडावर खारीसारखा चढे, तो पायरीवर टेकला व म्हणाला, "गुरुजी, मी तर घरांतच बसून आहे. बायको एकटी मजुरीला जाते. मुंबईला त्या शाळेंत तुम्हांला काय शिकवलं, तें मला सांगा. मला कोणी शाळा दिलीच नाहीं."

आम्हीं कांहीं तरी सांगावयास सुरुवात केली. त्यानें मध्येंच विचारलें, "मग तुमची शाळा सुटली का?"

आंत नातवानें तें कार्ड आणून त्याच्यापुढें धरलें. सात चौकोनांत शिक्के होते व सतरा मोकळे होते. त्यास अक्षरओळख बेताची. परंतु भरलेले व रिकामे चौकोन ओळखण्यास अक्षरें लागत नाहींत. तो कांहीं बोलला नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. एकास वर्गांत जागा होती आणि त्यानें ती रिकामी ठेवली. दुसऱ्यास ती हवी होती, आणि त्याच्यासाठीं ती नव्हतीच. इतकी लाज आम्हांस चौतीस वर्षांच्या नोकरींत कधीं वाटली नव्हती.

त्या रात्रीं आम्हीं चिरंजीवांना या विषयावर जें कांहीं विश्वसनीय मिळेल तें वाचून दाखविण्यास सांगितलें. व्यायामावर आधारलेल्या अशा पुनर्वसनाच्या ८५ प्रयोगांचा एकत्र विचार २०२१ सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांत २३ हजारांहून अधिक रुग्ण होते. हृदयविकारानें येणारा मृत्यु, दुसरा झटका आणि पुन्हां इस्पितळांत जाण्याची पाळी, हीं तिन्ही वर्ग करणाऱ्यांत कमी आढळलीं. पण आमचें मन खिळलें तें दुसऱ्या एका पाहणीवर. अमेरिकेंत वृद्धांसाठीं ३६ वर्गांचा क्रम असतो. तेथील सुमारे ३० हजार रुग्णांची ही पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. पूर्ण ३६ वर्ग करणाऱ्यांत मृत्यूचा धोका २४ वर्ग करणाऱ्यांहून १४ टक्क्यांनीं, १२ वर्ग करणाऱ्यांहून २२ टक्क्यांनीं, आणि एकच वर्ग करून थांबणाऱ्यांहून ४७ टक्क्यांनीं कमी होता. आपल्याकडेही २४ रुग्णालयांतून सुमारे ४ हजार रुग्णांवर योगावर आधारलेल्या पुनर्वसनाचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२० सालीं बाहेर आले. सर्वांचा एकत्र हिशेब धरतां मृत्यु व पुन्हा येणारे झटके यांत ठाम फरक सिद्ध झाला नाहीं. तरी वर्गांतले रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीनें परतले, आणि ज्यांनीं दहा किंवा अधिक वर्ग केले त्यांच्यांत धोका बराच कमी दिसला. जे नेमानें येतात ते मुळांतच जरा सुदृढ असतील, हा आक्षेप खरा आहे व तो विसरूं नये. तरीही या सर्व आकड्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: नांव घातल्यानें लाभ होत नाहीं, हजेरीनें होतो.

तो कां होतो, हेंही समजण्यासारखें आहे. चालणाऱ्या माणसाचे स्नायु रक्तांतील प्राणवायु अधिक चांगला उचलतात, म्हणून त्याच कामास हृदयावर कमी ताण पडतो. रक्तदाब व साखर आटोक्यांत राहतात. दर आठवड्यास कोणी विचारणारें असलें म्हणजे गोळ्या चुकत नाहींत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं दम लागून तो पुन्हां बसतो, हें दहा वेळां अनुभवलें कीं भीतीचें तें चक्र तुटतें. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षीं हा विकार झाला. पुढें त्यांनीं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हें पुस्तक लिहिलें, तें आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. स्वतः डॉक्टर असूनही त्यांना आहार, चालणें व मनाची शांति यांचे धडे नव्यानें गिरवावे लागले. मग आमच्यासारख्या मास्तरानें पुन्हां विद्यार्थी होण्यास लाजण्याचें कारण काय?

पौषांत आम्ही परत गेलों. रागावतील अशी धास्ती होती, पण बाई एवढेंच म्हणाल्या, "या. आठव्या चौकोनापासून सुरू करूं." जे कोणी वर्ग सोडून मनांत खजील होऊन घरीं बसले असतील, त्यांनीं हें वाक्य आपणांसच उद्देशून आहे असें समजावें. पुन्हां तपासणी झाली. सहा मिनिटांत ४२० मीटर चालणारे आम्ही आतां ३३० वर आलों होतों. विश्रांतीनें आमचे ९० मीटर खाल्ले होते.

प्रवासाची अडचण मात्र खरी होती. ती आम्हीं या वेळीं लपविली नाहीं, सांगितली. तेव्हां कळलें कीं, ज्यांचा धोका फार नाहीं अशा रुग्णांस घरच्या घरीं, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं केलेलें पुनर्वसनही केंद्रांतल्याइतकेंच उपयोगी पडतें, असें पाहण्यांत आलें आहे. डॉक्टरांनीं आमचा एक वर्ग मुंबईस व दुसरा डहाणूस, बाईंच्या टेलिफोनवरील सूचनांनीं, असें ठरवून दिलें. कोसबादच्या बायांनीं जें मुलांसाठीं केलें तेंच हें. शाळा अंगणांत आली.

मग त्या अंगणांत आम्ही एकटेच कां? आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनीं वाडींतल्या त्या सोबत्यास तपासलें, त्याचे कागद मुंबईस दाखविले, आणि त्यास किती चालावें तें लिहून दिलें. आठवड्यांतून एकदां तो आमच्या अंगणांत येई. एरवीं आपल्या पाड्यावर चाले. एकदां त्यानें बाईंना टेलिफोनवर विचारलें, "तारप्यावर नाचलं तर चालेल का?" बाईंनीं उलट विचारलें, "नाचतांना शेजारच्याशीं बोलतां येतं का?" "येतं, पहिले फेरे सावकाश असतात." "मग पहिले फेरे नाचा, आणि चाल वाढली कीं बाजूला व्हा." त्याच्या घरीं छापील कार्ड नव्हतें. त्याची बायको रोजच्या चालण्यानंतर गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा एक ठिपका देई. आमच्या घरांत इतकीं शिकलेलीं माणसें असून जें चार महिने कोणी केलें नाहीं, तें त्या बाईनें पहिल्या दिवसापासून केलें. ती हजेरी घेत होती.

फाल्गुनांत आमचा चोविसावा चौकोन भरला. सहा मिनिटांचें अंतर ४५० मीटर झालें. चैत्रांत विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेंत तो व आम्ही बरोबर हिंडलों. मध्यें दोनदां बसलों, परंतु भ्यालों नाहीं. तो आतां डॉक्टरांच्या संमतीनें वाडींत परत आला आहे. झाडावर चढणें त्यानें मुलाकडे सोंपविलें आहे. कलमें बांधण्याचें काम तो स्वतः करतो.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. कोणत्याही हृदयरोग्यानें आमचें वाचून आपल्या मतानें व्यायाम सुरू करूं नये. किती व कसा करावा हें तपासून डॉक्टरांनींच ठरवावें. चालतांना छातींत दुखलें, घेरी आली, धडधड वाढली किंवा नेहमींपेक्षां वेगळाच दम लागला, तर तत्काळ थांबावें. आणि थांबूनही छातींतलें दुखणें जाईना, तर सुंठ शोधीत न बसतां इस्पितळ गांठावें.

राहिलें तें घरच्या मंडळींस सांगावयाचें. रोग्यावर तुमचें प्रेम आहे यांत संशय नाहीं; फक्त त्या प्रेमास सूट देण्याची संवय लागलेली असते, ती मोडा. वर्गाचा दिवस पंचांगावर एकादशीसारखा लिहून ठेवा, आणि त्या दिवशीं पाहुणा, पूजा, बारसें कांहीं ठेवूं नका. बरोबर जाण्याची पाळी घरांत वांटून घ्या. दहा माणसांच्या घरांत एकावर भार येण्याचें कारण नाहीं. "कसें वाटतें?" असें विचारूं नका; त्यास "बरें आहे" हें उत्तर ठरलेलें असतें. "आज किती चाललांत?" असें विचारा. एक वर्ग चुकला तर दुसऱ्या दिवशींच त्याची विचारपूस करा. कारण गैरहजेरी एका दिवसाची असते तोंवर ती अडचण असते, तीन दिवसांची झाली कीं तिची संवय होते. हें आम्ही चौतीस वर्षांच्या अनुभवानें सांगतों.

आतां दुसऱ्या कार्डाविषयीं. गेल्या वर्षाच्या अखेरीस आमच्या थोरल्या वहिनींना हाच विकार जडला. वर्गाची गोष्ट निघतांच त्या म्हणाल्या, "माझें मेलीचें काय एवढें? स्वयंपाकघर कोण बघणार?" या वर्गांना बायकांची हजेरी पुरुषांपेक्षां कमी असते, असें जगभर दिसून आलें आहे, तें कां, हें त्या एका वाक्यावरून उमजलें. त्यांना सूट देणारें कोणी लागत नाहीं. त्या स्वतःच ती घेऊन मोकळ्या होतात, आणि घर त्यास त्याग म्हणतें. पण या वेळीं आमचे तेच वडील बंधू, ज्यांनीं आम्हांस गणपतीसाठीं थांबविलें होतें, स्वतः उठले व स्टेशनावर जाऊन दोन पास काढून आले. स्वयंपाकघर सूनबाई व पुतण्या मिळून पाहातात; पुतण्याची आमटी अद्याप वर्गांत बसविण्यासारखीच आहे, परंतु त्याविषयीं तक्रार करण्यास घरांत मनाई आहे.

वहिनींच्या कार्डांत काल सातवा शिक्का पडला. आमचा नेम कोठें मोडला होता, हें घरांत सर्वांस ठाऊक आहे; म्हणून काल रात्रीं जेवतांना त्या कार्डाकडे जो तो चोरून पाहात होता. गुरुवारीं त्यांचा आठवा वर्ग आहे. बंधूंच्या गुडघ्यास जरा सूज आहे. त्यामुळें त्या दिवशीं पहाटेच्या गाडीनें वहिनींबरोबर आम्ही जाणार आहों.